कैलासचा हिरवा ठिपका
आंदर मावळातल्या त्या पाच-सात गावांना एसटी दिवसातून दोनदा येते, तीही मनात आलं तर. म्हणून लोणावळ्याजवळ वलवणला खोली घेऊन राहणाऱ्या कैलासने जीपची सीट नोंदवायची वेबसाइट बनवली. फोनवर नाव घालायचं. ज्या गावात नाव असेल तिकडे इर्शादची जीप वळायची, नसेल तर फाट्यावरून सरळ पुढे. लोकांची सोय झाली आणि कैलासची कॉलर ताठ झाली.

पुढे त्याला वाटलं, वेबसाइट बंद पडली तर आपल्याला कळणार कसं? मग त्याने तिला तब्येत विचारायचं एक पान जोडलं. दर मिनिटाला त्या पानाला विचारणा व्हायची, ‘बरी आहेस का?’ पान म्हणायचं, ‘बरी आहे,’ की कैलासच्या मोबाइलवर हिरवा ठिपका लागायचा. हा ठिपका त्याने चिक्कीच्या दुकानात दाखवला, न्हाव्याकडे दाखवला, मुलगी बघायला गेला तिथेही दाखवला. मुलीकडच्यांनी अजून काही कळवलेलं नाही.

आतले सगळे भाग खरंच चालू आहेत का, हे पानाने डोकावून बघायचं काम मात्र त्याने ‘नंतर करू’ म्हणून ठेवलं होतं. ‘आमच्या धंद्यात नंतर म्हणजे कधीच नाही,’ हे आता तो स्वतःच सांगतो.

त्याच्या वडिलांच्या, रखमाजीआबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मंगळवारची होती. लोणावळ्यात, सकाळी नऊला. कैलासने एकदा भाताच्या खाचरात पाडल्यापासून आबा मोटारसायकलवर बसत नाहीत, तेव्हा त्याने सोमवारी त्यांची सीट नोंदवली. “जीप हुबी ऱ्हाईल आबा, तुमी निस्तं बसायचं,” असा रुबाबही फोनवर केला. पण वेबसाइटचा नावं विचारणारा भाग तेवढा चालू होता आणि तेवढ्यावरच पान ‘बरी आहे’ म्हणत होतं. ती नावं जपून ठेवणारा भाग सोमवारी सकाळीच बंद पडला होता. इर्शादच्या यादीत आबांच्या गावाचं नावच आलं नाही.

आबा दोन तास थांबले. मग वाट चाचपत डांबरी रस्त्यापर्यंत चालले आणि दुधाच्या टेम्पोत बसून दुपारी लोणावळ्यात पोचले. दवाखान्याने पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. तिथून ते कैलासच्या खोलीवर आले. दारात त्यांचे धुळीने भरलेले पाय कैलासने बघितले. तरी त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे:

“पन आबा, हितं तर हिरवं दिसतंय!”

आबांनी फोन नाकापाशी धरला. “मला हिरवं बी दिसत न्हाई आन तांबडं बी न्हाई. गाय हुबी हाय म्हंजी बरी हाय व्हय रं? रवंथ करती का, ते बगाया नगं?”

ज्या माणसाने आपल्या इंजिनिअरिंगची फी भरली, त्याच्याकडूनच हे शिकावं लागलं याची कैलासला मनापासून लाज वाटली. आता ते पान दर मिनिटाला एक खोटं नाव नोंदवतं, ते आत नीट उतरलं का बघतं, पुसतं आणि मगच बरी आहे म्हणतं. उतरलं नाही तर कैलासचा फोन ठणाणा करतो.

पंधरा दिवस फोन गप्प होता. तरी तारखेच्या सकाळी त्याला धीर धरवेना. मोटारसायकल काढून तो गावच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. आबा आणि शेजारच्या शालूबाई तिथे जीपची वाट बघत होते. त्याला बघताच शालूबाईंनी पाटी डोक्यावर घेतली.

“चला वो आबा. कैलास आलाय म्हंजी जीप काय येत न्हाई.”

आबांनी काठी उचलली. “अवो येतीया! यादीत नाव हाय!” कैलास मागून ओरडत राहिला. दोघं वळण पार करून दिसेनासे झाले.

पाच मिनिटांत जीप आली. थांब्यावर एकटा कैलास. इर्शादने यादी बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि पोट धरून हसला. “बस आत. रस्त्यात सापडतील.”

सापडले. आबांनी पायरीवर पाय ठेवला आणि आतली आकृती न्याहाळली. “ह्यो बी हाय व्हय? मंग इर्शाद, नवाला पोचतो का आपन?”

पावणेनऊला पोचले. सगळ्या वाटेत कैलासने एकदाही फोन काढला नाही, आबांचा हात धरून बसला होता.