शिक्का न मारलेला पेट्रोलचा डबा

मनाली-लेह मोटरसायकलवरून करायचं ठरलं आणि आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते डब्यावरून. टंडीचा पंप मागे पडला की पुढचा पंप थेट लेहच्या अलीकडे, कारूला, असं जाऊन आलेले सगळेच सांगत होते. गाडी एक, माणसं दोन, वर सामान आणि चढ. टाकीतलं पेट्रोल पुरणार नव्हतं. माझा नवरा मिलिंद डोंबिवलीत शाळेत गणित शिकवतो. त्याने मोबाइलवर परदेशी बनावटीचा लाल कॅन काढून दाखवला.

"कशाला? मी बनवते की," मी म्हटलं.

"अगं, तुझ्या डब्यात मी तूपसुद्धा ठेवणार नाही. हे तर पेट्रोल, आणि मागे बसणारा मी!"

वागळे इस्टेटमध्ये आमचं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप आहे. माझ्या बाबांनी उभं केलं, त्यांचे गुडघे गेल्यापासून मी चालवते. पण ऑर्डरी सांभाळणं वेगळं आणि वेल्डिंग वेगळं. ते मी अलीकडे शिकले, हट्टाने. पाच लिटरचा हा स्टेनलेस स्टीलचा डबा, मापं काढण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत, मी एकटीने केलेलं पहिलं काम. हवा भरून पाण्यात बुडवला, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तसा. एकही बुडबुडा आला नाही.

आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर बाबांच्या नावाची अक्षरं ठोकलेली असतात. या डब्यावर मात्र माझा हात धजला नाही. वाटेत गळला असता तर बाबांच्या इतक्या वर्षांच्या नावाला बट्टा लागला असता. निघण्याआधी ठाकुर्लीला, माहेरी, बाबांनी डबा बोटाच्या पेराने वाजवून बघितला.

"शिक्का?"

"परत आल्यावर."

"बरं," म्हणाले आणि पेपरात शिरले.

गाडी कल्याणहून रेल्वे पार्सलने चंदीगडला पाठवली. तुम्हीही पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, टाकी पार रिकामी करून द्यावी लागते. तिकडून मनालीपर्यंत रस्ता झकास, फक्त मंडीच्या आसपास कामं चालू होती आणि धुळीने आम्ही दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. मनालीच्या पुढच्या लांब बोगद्यातून पलीकडे गेलो आणि टंडीला टाकी फुल्ल केली. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नव्हते, पण माझा डबा उलटसुलट बघून पंपवाल्याने मान डोलावली.

"चार बोटं कमी भरा," मी सांगितलं.

"काठोकाठ घे ना, एवढ्यासाठी आणलाय तर," मिलिंद मागून.

काठोकाठ भरायचा नसतो. उंचीवर आतली वाफ फुगते, तिला जागा लागते. डबा सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधायचा आणि झाकण हळूहळू फिरवून आधी फुस्स होऊ द्यायचं. एवढं पाळलंत तर पुष्कळ झालं.

पहिला मुक्काम जिस्पा, दुसरा सरचूच्या तंबूत. डाळ-भात, रजया आणि डोकेदुखी, तिन्ही भरपूर. तिसऱ्या दिवशी गाटा लूप्सची वळणं चढून लाचुंगला खिंडीजवळ आलो आणि मिलिंदने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"वास येतोय गं पेट्रोलचा."

मलाही आला. गाडी बाजूला घेतली, हातमोजे काढले आणि डब्याच्या जोडांवरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. कोरडे ठणठणीत! मग वास कुठून? शेवटी मागची बॅग उघडली. आईने दिलेल्या डिंकाच्या लाडवांशेजारी पाण्याची बाटली टम्म फुगून बसलेली, आणि तिच्या बुचातून पेट्रोल झिरपून लाडवांत मुरलेलं.

"जिस्पाच्या ढाब्यावर घेतलेली," मिलिंद पुटपुटला. "म्हटलं, असू दे जास्तीची."

"माझ्या डब्यावर भरवसा नव्हता म्हणून?"

"होता. थोडा कमी होता."

मी चिडायला हवं होतं, पण इतकं हायसं वाटलं की हसतच सुटले. बाटलीत उरलेलं टाकीत ओतलं. लाडू मात्र फुकट गेले. खाऊन बघितला एक, तुम्ही बघू नका.

पांगनंतर मोरेचं पठार लागलं. एवढी मोकळी जागा आणि एकही रिक्षा नाही, हे बघून डोंबिवलीकराला रडू येईल. त्याच सपाटीवर इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. डबा मिलिंदनेच सोडवला. मी झाकण फिरवलं, फुस्स झालं आणि पेट्रोल टाकीत गेलं, बाहेर एक थेंब नाही. अर्धंअधिकच ओतलं आणि पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. एवढ्या उंचीवर, वाऱ्यात, मला माझाच इतका अभिमान वाटला की मोठ्याने ओरडले. ऐकायला होतं कोण!

त्यानंतर चहाच्या प्रत्येक टपरीवर मिलिंद लोकांना डबा दाखवत होता. "ये मेरी बीवीने बनाया है, खुद." कारूला पोचलो तेव्हा तळाशी अजून पेट्रोल होतं. त्याच्या बहिणीचा फोन आला, पेट्रोल पुरलं का रे म्हणून.

"पुरून उरलं."

"आणि वहिनी?"

"ती तर मला केव्हाच पुरून उरल्ये."

घरी परतल्यावर डबा घेऊन ठाकुर्लीला गेले. बाबांनी जोडांवरून नख फिरवलं, झाकण उघडून वास घेतला.

"उद्या तुमची अक्षरं ठोकते," मी म्हटलं.

"माझी कशाला?" बाबा म्हणाले. "मी कुठे गेलेलो लेहला?"

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात डबा धुतला, आत पेट्रोलची वाफ राहून ठिणगीने भडकू नये म्हणून पाण्याने भरला, या वेळी काठोकाठ, आणि हँडलच्या जाड पट्टीवर हातोडीने माझ्या नावाचं अक्षर ठोकलं. मिलिंद म्हणतो, तिरकं आलंय. येऊ दे. गळत तर नाही ना!