खामगाव–जालना, देऊळघाटमार्गे

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, गिऱ्हाइकांनी परत न नेलेले रेडिओ, आणि दुसरे किस्से. रेडिओ भंगारवाल्याला देता येतात, किश्शांचं तसं नाही. त्यात आमच्या आगगाडीचे तर इतके झालेत, की मी तोंड उघडलं की बायको म्हणते, "पाहुण्याले आधी चहा तं घेऊ द्या!"

बुलढाण्याला रेल्वे नाही. जिल्ह्याचं ठिकाण आहे, कचेऱ्या आहेत, कॉलेज आहे, थंड हवा आहे, पण रेल्वे नाही. खामगाव–जालना मार्गाचा सर्व्हे झाला, हे माझे आजोबाही सांगायचे. शेवटी आम्हीच ती रेल्वे टाकली. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, प्लायवूडच्या दोन फळ्यांवर.

आम्ही म्हणजे चौघं. एक मी. दुसरे जानेफळचे रफिकभाई, माझ्याच दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करायचे. तिसरे कॉलेजात फिजिक्स शिकवणारे देवकर सर. त्यांच्या परदेशातल्या भावानं खेळण्यातली आगगाडी पाठवली आणि तिथून हे खूळ सुरू झालं. चौथे नाना.

नाना बुलढाण्याजवळच्या देऊळघाटचे, रिटायर्ड स्टेशनमास्तर. नोकरी सगळी बाहेर, लोहमार्गाच्या कडेनं झाली. त्यांची बायको, आमच्या काकू, मात्र शेतीपायी आणि सासूपायी देऊळघाटलाच राहिल्या. सुट्टी मिळाली की नाना मलकापूरला उतरत आणि एसटीचे धक्के खात घरी पोचत. लग्न नवीन होतं तेव्हा ते काकूंना म्हणाले होते, "रेल्वे येऊन राह्यली आपल्याकडे. मंग मी सीधा दारात उतरीन." पुढे काकूंना सुना आल्या, नातवंडं आली. रेल्वे काही आली नाही.

नानांचं एकच मागणं होतं. "तिले एकदा देऊळघाटले गाडी येतानी दाखवायची हाय. बस."

*

रूळ टाकायच्या आधी आमचाही सर्व्हे झाला. नकाशावर मार्ग चिखलीकडून जात होता आणि देऊळघाट बाजूला राहत होतं. नानांनी पेन्सिल घेतली आणि रेघ देऊळघाटवरून वळवली.

रफिकभाई म्हणाले, "मंग जानेफळनं काय पाप केलं?"

"अहो, जानेफळ मेहकर तालुक्यात," देवकर सर समजावू लागले. "गाडी कुठून कुठे नेताय?"

"सर, सरकारी गाडी असती तं मी बोललो नसतो. हे तं आपली हाय."

जानेफळला स्टेशन मिळालं. ही बातमी बाजारात फुटली. एक गृहस्थ रेडिओ घेऊन आले होते. ते रेडिओ विसरून रुळांपाशीच उभे राहिले. "आमच्या गावाले थांबा काऊन नाही?" नाना थट्टेनं म्हणाले, "अर्ज करा." पुढच्या आठवड्यात गृहस्थ खरंच अर्ज घेऊन हजर! खाली अर्ध्या गावाच्या सह्या आणि सरपंचाचा शिक्का. नानांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, "सर्व्हे करू."

*

आता जरा वाईट सांगतो. नानांना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बरे झाले, पण उजवा हात थरथरत राहिला. आमची गाडी एका बटणानं चालायची. बटण हळू फिरवलं की गाडी हळू, जोरात फिरवलं की जोरात. पहिली गाडी खामगावहून सोडायचा मान अर्थात नानांचा.

गाडी छान निघाली. देऊळघाट जवळ आलं, नाना बटण मागे घ्यायला गेले आणि हात दगा देऊन गेला. गाडी उसळली, रूळ सोडून सरळ रफिकभाईंच्या चहात गेली. सगळ्यांत मोठ्यानं नानाच हसले. म्हणाले, "स्टेशनमास्तरनं इंजिनाले हात लावला का असंच होते."

त्यानंतर ते येईनासे झाले. काकूंना आणायची गोष्टही बंद झाली. मला दुकानात करमेना. रफिकभाई दर शुक्रवारी नमाज पढून आले की नानांचं स्टूल पुसून ठेवत आणि कामाला लागत.

मग देवकर सरच म्हणाले, "भावानं पाठवलेला एक कॉम्प्युटर माझ्याकडे पडून आहे. गाडी त्याच्याकडून चालवू. म्हणजे हात लावायलाच नको."

नानांना निरोप धाडला, की कॉलेजच्या मुलांना दाखवण्यासाठी प्रयोग करतोय, तुम्ही हवेत. नाना आले. फळीखालचं वायरींचं जंजाळ त्यांनी वाकून पाहिलं, मग आमच्या तिघांची तोंडं पाहिली.

"माह्या हातासाठीच करून राह्यले न तुम्ही? करा. पन मले सांगू नका."

आम्ही कधीच सांगितलं नाही.

*

गाडी कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून सरांनी रुळांखाली काचेच्या नळीतले बारीक स्विच बसवले आणि इंजिनाच्या पोटाखाली लोहचुंबक. लोहचुंबक वरून गेलं की स्विच लागायचा आणि कॉम्प्युटरला कळायचं, गाडी आली.

त्याच सुमारास रफिकभाईंच्या घड्याळांचे स्क्रू गायब होऊ लागले. मागच्या खोलीत ट्यूबलाइट चांगली म्हणून ते घड्याळं तिथंच, जानेफळ स्टेशनाशेजारी उघडत. त्यांनी आधी माझ्यावर संशय घेतला, मग उंदरांवर. इकडे इंजिनही दिवसेंदिवस घाट चढताना दमायला लागलं. सरांना वाटलं प्रोग्राममध्ये चूक आहे.

नानांनी इंजिन उचलून उलटं केलं. पोटाला स्क्रूंचा नुसता पुंजका लागला होता.

"रफिकभाई, तुमचे सारे प्रवासी विदाउट तिकीट सापडले."

रफिकभाईंनी खिशातून घड्याळाचा चिमटा काढला आणि एकेक स्क्रू उतरवून घेत म्हणाले, "दंड माफ करा नाना. गरीब घरचे हायेत."

*

कॉम्प्युटरला एक खोड होती. लाइट गेली की तो सगळं विसरायचा. तेव्हा प्रोग्राम गाण्यांच्या असतात तसल्या कॅसेटवर असे. लाइट आली की टेपरेकॉर्डर लावायचा, त्यातून बराच वेळ किंचाळल्यासारखा आवाज यायचा आणि मग कुठे कॉम्प्युटर शहाणा व्हायचा. आवाज जरा कमीजास्त झाला की पुन्हा पहिल्यापासून. सरांच्या बायकोनं शेवटी व्हॉल्यूमच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला.

आणि लाइट तर रोज जायची. तेवढ्या वेळात नाना उभे राहून नोकरीतल्या खणखणीत आवाजात सांगत, "खामगावहून जालन्याकडे जानारी गाडी आज उशिरानं धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहो."

एकदा पुढे दुकानात एक म्हातारी रेडिओसाठी बसली होती. तिनं हे ऐकलं, पिशवी उचलली आणि निघाली. "मंग एसटीनंच जातो बापा," म्हणाली.

*

अखेर गाडी हुशार झाली. आपली आपण निघायची, स्टेशनात हळू व्हायची, थांबायची, पुन्हा निघायची. आम्ही खूश. नाना नाराज.

"पुढच्या स्टेशननं लाइन क्लिअर देल्ल्याशिवाय गाडी सुटली कशी?"

एकेरी मार्गावर पुढचं स्टेशन 'वाट मोकळी आहे' असं कळवत नाही तोवर गाडी सोडायची नाही, हा रेल्वेचा कायदा.

"पण नाना, आपली गाडी एकच आहे," सर म्हणाले. "टक्कर होणार कोणाशी?"

"सर, म्या अख्ख्या नोकरीत एक गाडी कायद्याबाहेर सोडली नाही, अन् एक गाडी उगीच अडवली नाही. आता बी तसंच चालन."

सर वैतागले, पण प्रोग्राम बदलला. स्टेशनात गाडी थांबली की कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीच्या पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटायचा, लाइन क्लिअर? नानांनी दारावरच्या घंटीचं असतं तसलं एक बटण दाबलं की गाडी पुढे. बटण दाबायला थरथरता हातही पुरत होता.

*

मग एका शुक्रवारी नाना काकूंना घेऊन एसटीनं आले.

काकू नवं लुगडं नेसून आल्या होत्या. रफिकभाईंनी त्यांना एकेक स्टेशन दाखवलं. देऊळघाट येताच त्या वाकल्या. डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचं स्टेशन, बाजूला पुठ्ठ्याचं घर, घरापुढे विहीर. काकूंनी विहीर बोटानं उचलून घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवली. "ते इकून हाय," म्हणाल्या आणि देऊळघाटसमोर स्टुलावर बसल्या.

सरांनी खामगावहून गाडी सोडली. नानांनी उजवा हात डाव्या हातात धरून मांडीवर ठेवला होता. माझं लक्ष गाडीपेक्षा त्या हातांकडेच होतं, आणि लाइट जाऊ नये म्हणून मी मनात देवाला विनवत होतो.

गाडी घाट चढली. बोगद्यात शिरली, बाहेर आली. कोणी हात लावला नाही. देऊळघाटच्या अलीकडे ती हळू झाली आणि अलगद फलाटाला लागली. पहिल्या डब्याचं दार बरोबर काकूंसमोर.

काकू पदर सावरून पुढे वाकल्या आणि डब्याच्या खिडक्यांतून आत पाहू लागल्या.

पडद्यावर प्रश्न आला. नानांनी बोट बटणाकडे नेलं.

"थांबू द्या न," काकू म्हणाल्या. "आताच तं आली."

पडद्यावरचा प्रश्न तसाच. नानांनी बोट मागे घेतलं, आपलं स्टूल ओढून काकूंच्या शेजारी नेलं, बसले, आणि आमच्याकडे न बघता म्हणाले,

"सर, पुढं लाइन क्लिअर नाही."