ट्रकातून उतरलेली आत्या

सकाळी फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. हिंगणघाटहून मंगला बोलत होती. "मामी, आई गेल्या... झोपेतच." मंगला ही माझ्या नणंदेची, वत्सलाताईंची सून. ताई गेल्याला आता महिना होईल. निखिल, रेवा, तुम्हा नातवंडांना त्या फोटोतूनच ठाऊक, म्हणून हे लिहिते.

वत्सलाताई वडनेरच्या. बसमध्ये पाय ठेवला की त्यांना मळमळायचं, ट्रकच्या केबिनमध्ये तर डिझेलच्या वासानं आणखीच. म्हणून कुठंही जायचं तर कापसाच्या नाहीतर पाइपांच्या ट्रकात, मागं फाळक्याला धरून, तोंडावर वारा घेत. मालाच्या गाडीत माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे, असं मी दरवेळी सांगायची. त्या म्हणायच्या, "तुह्या कायद्याले मळमळ होते काय?"

निखिल, तुझ्या बारशालाही त्या तशाच निघाल्या. तुझ्या बाबांना बहीण नाही, म्हणून तुझ्या कानात नाव सांगायचा मान त्यांच्या आत्याचा, वत्सलाताईंचा. आणि नाव त्यांनी कोणालाच कळू दिलं नव्हतं! हिंगणघाटच्या नाक्यावर हवालदारानं ट्रक अडवला. पुढचं सारं त्यांनीच आम्हाला हातवारे करून सांगितलेलं.

"मावशी, खाली उतरा."

"काऊन? मी का तुह्या डोक्यावर बसली?"

"बसनं जा न."

"बसनं जाईन, पण उलटी तुह्या वर्दीवर करीन. चालते?"

ड्रायव्हर हसला. हवालदार हसला नाही. "मावशी, परवाच वऱ्हाडाचा ट्रक उलथला. म्या माह्या हातानं माणसं उचलली."

वत्सलाताईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "हात दे मंग. उतरते."

इकडे वर्ध्याला पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या, आणि बाळाला नाव नाही... "दुसरं ठेवा एखादं," कोणी म्हणालं. मी ठामपणे नाही म्हटलं. दिवेलागणीला दारात लुना थांबली. पुढं मंगला, मागं धुळीनं माखलेल्या वत्सलाताई! सून गाडी चालवते म्हणून तिच्याशी दोन महिने अबोला धरणाऱ्या त्या, नाक्यावरून चालत हिंगणघाटातल्या तिच्या दारी गेल्या होत्या.

"लुनावर वारा लागते वो," घोटभर पाणी पिऊन त्या मला म्हणाल्या, "मळमळलं नाई जरासं." आणि वाकून त्यांनी तुझ्या कानात नाव सांगितलं.

पुन्हा त्या ट्रकात चढल्या नाहीत. लग्न, तेरवी, बाजार, कुठंही दोघी बरोबरच. वाटेत भांडायच्याही, पण गाडीवरून उतरून कोणी भांडलं नाही.

त्यांची तेरवी झाल्यावर मंगला मला तिच्या स्कूटरवरून बसस्टँडवर सोडायला निघाली. मागं न बघता तिनं विचारलं, "बसल्या का, आई? पदर घ्या आवरून..."

गाडी तशीच उभी राहिली. मी पदर आवरला.

"बसली वो माय," मी म्हटलं, "चाल."

माझी वऱ्हाडी ऐकून मंगलाला हसू आलं. मग तिनं गाडी पुढं काढली.