बाईसाहेबांची कात

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, हा मेणात एकेक दात बसवतो, आणि कुठल्या तरी आजोबांना पुन्हा चावता येतं. पस्तीस वर्षं हेच. माणूस इतका शांत, की घरात आहे की नाही ते खोकल्यावरून कळतं. लग्न केलं नाही. का नाही केलं, ते विचारणं मी त्याच्या पन्नाशीनंतर सोडून दिलं, कारण उत्तर म्हणून तो फक्त चष्मा पुसायचा.

मी त्याची थोरली बहीण. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तीस वर्षं वाढप केलं. निवृत्त झाले, नवरा गेला, तेव्हा हा म्हणाला, "ताई, इकडे ये राहायला." मी आले. पुढची खोली माझी, मागची त्याची. आणि मागच्या खोलीत, ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात, एका काचेच्या पेटीत बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे कोळी. साधा, छताला लटकणारा नव्हे. टॅरंट्युला. वाळवंटात बीळ करून राहणाऱ्या जातीची मादी, माझ्या तळहाताएवढी, अंगभर केस, रंग वाळक्या गवताचा. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानदाराकडे ती खपेना, म्हणून यानं आणली, तेव्हा नखाएवढी होती म्हणे. त्याला आता सतरा वर्षं झाली. पहिल्या दिवशी मी तिला पाहिलं आणि पिशवी खांद्यावरून न उतरवता म्हटलं, "ही तरी राहील नाहीतर मी तरी." तो म्हणाला, "ती गरीब आहे गं. चावत नाही. फार चिडली तर मागच्या पायानं अंगावरचे केस उडवते, खाज सुटते, बस." मी म्हटलं, "मी चिडले तर काय उडवीन, ते बघशील."

राहिलो बाई दोघी. सहा वर्षं. मला ती आवडत नव्हती, आजही फारशी आवडत नाही, खोटं कशाला बोलू? पण कामावरून आला की हा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायचा. ती तासन् तास हलायची नाही, हाही नाही. दर दीड-दोन वर्षांनी ती कात टाकायची. तेव्हा हा खोलीचं दार बंद करून घ्यायचा, कोणाला आत येऊ द्यायचा नाही. मग ती पोकळ कात, आठ पायांसकट, कवळीच्या डबीत कापसावर ठेवून द्यायचा. अशा डब्यांची एक रांगच आहे फळीवर. एकदा चुकून मी त्यातली एक उघडली आणि माझी किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत गेली.

तर या माणसाचा एक डोळा काचबिंदूनं गेला. कळलंच नाही, हळूहळू गेला. दुसऱ्याचंही तेच सुरू झालं. ऑपरेशन ठरलं, आणि ऐन वेळी याचं बीपी इतकं चढलं की डॉक्टरांनी परत पाठवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला डॉक्टर स्पष्ट बोलले, "हे असंच चाललं तर हाही डोळा हातचा जाईल. आता आणखी लांबवता येणार नाही." कवळ्या बनवणाऱ्या माणसाचा एकुलता एक डोळा! मला दोन घास गिळवेनात.

तिसऱ्या खेपेला त्याला आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात नेलं. मी पिशवी भरून तयार, तर म्हणतो, "ताई, तू घरी थांब. तू शेजारी असलीस की माझं बीपी वाढतं. दोनदा पाहिलंय." आता याला काय म्हणावं! त्याच्याबरोबर त्याच्या कवळ्यांच्या लॅबमधला प्लास्टर ओतणारा मित्र गेला. जाताना यानं एवढंच सांगितलं, "बाईसाहेबांच्या बशीत पाणी घाल. बाकी काही करू नकोस. काही म्हणजे काही."

"आणि खायला?"

"नको. ती दोन महिने खात नाहीये."

दोन महिने! आणि हे मला आज सांगतोय. घरात तिचे किडेसुद्धा नव्हते, डबा रिकामा धुऊन ठेवलेला. मला वाटलं, दिसत नाही म्हणून हा बिचारा विसरला असणार. माझ्यासमोर कोणी उपाशी राहिलेलं मला चालत नाही. कॅन्टीनमध्ये संपावर बसलेल्यांनासुद्धा मी हळूच ताट नेऊन दिलंय. मी चपला घातल्या, माशांच्या दुकानात गेले, दोन रातकिडे घेतले, चांगले जाडजूड, आणि नाक मुरडत पेटीत सोडले. "खा बाई," म्हटलं, "तुझा मालक सुखरूप येऊ दे." आणि समाधानानं झोपले. गाढव कुठली.

सकाळी साडेआठला पाणी घालायला गेले, तर बाईसाहेब उताण्या. पाठ खाली, आठही पाय वर.

मेली! सतरा वर्षं जगली आणि एक रात्र माझ्याकडे दिली तर मेली. मी किडे घातले, त्यांच्यात काही विष असेल, असं मनात आलं. मी चमच्याचा दांडा घेतला, म्हटलं निदान सरळ तरी करावी, अशी उघडी-वाघडी कशी ठेवायची. दांडा तिच्याजवळ नेला, एवढ्यात फोन वाजला. भाऊ.

"अकराला आत नेणारेत," तो म्हणाला. "आता फोन काढून घेतील. बीपी एकशे बेचाळीस आहे. चालेल म्हणाले. आत नेताना पुन्हा मोजणार."

"छान," मी म्हटलं.

"बाईसाहेब?"

आता सांगा, काय बोलायचं होतं मी? मेली म्हटलं तर तो तिथल्या तिथे दोनशेवर जाणार, ऑपरेशन रद्द, डोळा गेला. "आहेत," मी म्हटलं. "झोपल्यात."

"सरळ ना?"

"सरळ." धडधडीत खोटं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "समजा, उताणी झाली तर? म्हणजे पुढेमागे कधी?"

त्याच्यामागे कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं. मग तो सावकाश बोलला, लॅबमध्ये नव्या माणसाला शिकवतो तसा. "उताणी झाली म्हणजे मेली नाही, ताई. कात टाकते ती. तिला सरळ करायचं नाही, केली तर मात्र मरते. हात लावायचा नाही, टेबल हलवायचं नाही. आतलं अंग मऊ असतं, दुधाच्या सायीसारखं. तेव्हा पेटीत जिवंत किडा असला तर तो तिला कुरतडून खातो, आणि तिला हलताही येत नाही. म्हणून कात जवळ आली की मी खायला घालत नाही."

समोर काचेवर एक रातकिडा मिशा हलवत बसला होता. दुसरा कुठेच दिसत नव्हता.

"आणि कधी किडा राहिलाच," तो पुढे म्हणाला, "तर झाकण उचलायचं नाही, कडेनं सरकवायचं. आत श्वास सोडायचा नाही. माझा लांब चिमटा दुसऱ्या खणात आहे, मेणकामाचा. घाई करायची नाही. लागेल तेवढा वेळ घ्यायचा." मग म्हणाला, "ठेवतो. बोलावतायत." आणि ठेवला.

मी देवाचं नाव घेतलं नाही, सरळ दुसरा खण उघडला. तोंडाला पदर बांधला. झाकण सरकवलं, रेघेरेघेनं, कॅन्टीनमध्ये उकळत्या पातेल्याचं झाकण काढावं तसं. काचेवरचा किडा पहिल्याच खेपेला चिमट्यात आला. त्याला ग्लासात टाकून वर बशी ठेवली. राहिला एक. तो मातीच्या पालथ्या अर्ध्या कुंडीखाली शिरला असणार, जिथे एरवी बाईसाहेब बसायच्या. कुंडी हलवली तर तिच्या अंगाखालची माती हलणार. म्हणजे बसायचं आणि वाट बघायची.

नऊ वाजले. साडेनऊ. मी खुर्चीत, हात पेटीच्या तोंडावर, चिमटा उघडा. गुडघा दुखायला लागला, पण खुर्ची करकरते म्हणून पाय हलवला नाही. खाली कोणीतरी दार आपटलं, तर मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. तिच्या अंगावर कडेनं एक चीर पडली. पाठीचा टोपणासारखा भाग सुटला. आतून पांढरट, ओलसर असं काहीतरी श्वास घेत होतं. घाण वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटली. मला तिची दया आली, आणि स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

दहा वाजून गेले. तिकडे त्याला आता गाडीवर घेतलं असेल, दंडाला पट्टा बांधला असेल. इकडे बाईसाहेब एकेक पाय हातमोज्यातून बोट ओढावं तसा ओढत होत्या, थोडा ओढायचा, थांबायचं. आणि कुंडीखालून दुसरा निघाला. मिशा आधी, मग तो. सरळ तिच्याकडे. माती ओली असेल, वास येत असेल, कोण जाणे. तिच्या डाव्या बाजूला, नुकत्याच अर्ध्या बाहेर आलेल्या पायापाशी तो थांबला आणि तोंड लावलं.

मला थांबायचं होतं, लागेल तेवढा वेळ घ्यायचा होता, पण तो खात होता हो! मी चिमटा घातला. किडा पकडला. नेमका पकडला. पण ओढताना त्याने मागच्या पायांनी जोर केला आणि माझा हात हलला. चिमट्याचं टोक तिच्या त्या मऊ पायाला लागलं. पाय वाकला. त्यावर पाण्यासारखा एक थेंब आला.

किडा बाहेर काढला, ग्लासात टाकला, झाकण सरकवलं, आणि पुढच्या खोलीत येऊन पदरात तोंड खुपसून रडले. मोठ्यांदा रडायचीही सोय नव्हती.

बाराला मित्राचा फोन आला. ऑपरेशन झालं. बीपी? "आत नेताना एकशे छत्तीस," तो म्हणाला, "डॉक्टरच चकित!" माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. मी पुन्हा आत जाऊन बसले. दोनच्या सुमाराला बाईसाहेब मोकळ्या झाल्या. हळूहळू सरळ झाल्या, नव्या अंगाच्या, गडद, चमकदार. शेजारी जुनी कात. त्या कातीत एक पाय तसाच अडकून राहिला होता. मी पाय मोजले. दुसऱ्यांदा मोजले. सातच.

पाचला मित्र त्याला सोडून गेला. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं तर काहीच दिसत नाही. म्हणजे सकाळी पट्टी निघेपर्यंत तो पूर्ण आंधळा. मी हात धरून त्याला आणलं. तो पलंगावर न बसता भिंत चाचपत मागच्या खोलीत गेला आणि त्याच्या खुर्चीत बसला. ती अजून पेटीसमोरच होती.

"सुटली?" त्याने विचारलं.

"काय सुटली?"

"ताई," तो म्हणाला, "तू आयुष्यात कधी 'समजा' म्हणाली नाहीस. तुझं एक तर असतं, नाहीतर नसतं. फोनवर समजा म्हणालीस तेव्हाच कळलं. किडेही तूच आणलेस, हेही."

मी खाली बसले. "मग बोलला का नाहीस रे? शिव्या तरी द्यायच्यास!"

"तू घाबरली असतीस. मग काम कोणी केलं असतं?" तो हसला. इतकं सलग बोलताना मी त्याला क्वचितच ऐकलं असेल. "आत नेताना पट्टा बांधला. मी डोळे मिटले आणि तुझा हात आठवला. तीस वर्षं काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन हिंडलीस, थेंब सांडला नाहीस. म्हटलं, तो हात हलायचा नाही. तेवढं एकच मनात धरून पडून राहिलो. नर्स म्हणाली, एकशे छत्तीस."

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. उद्या सकाळपर्यंत त्याला काही दिसणार नव्हतं. उद्यासुद्धा अंधुकच दिसलं असतं. मी गप्प बसले असते तर पाय कातीत आपोआप अडकला असंच त्याने मानलं असतं. तसं होतंही म्हणे कधीकधी. त्याच्या मनातला माझा हात तसाच राहिला असता. मला तो राहायला हवा होता, हेही खरं.

"हलला रे," मी म्हटलं. "माझा हात हलला. चिमटा लागला तिला. एक पाय गेला."

त्याने पेटीच्या दिशेनं मान वळवली. मला वाटलं, आता याचं बीपी चढणार आणि टाके सुटणार.

"कुठला?" त्याने विचारलं.

"डावा. मागून दुसरा."

"बाकी सात निघाले?"

"निघाले."

"पुढच्या कातीला येईल तो परत. त्यांना येतो." मग त्याने हात पुढे केला, पेटीच्या बाजूला नाही, माझ्या बाजूला, हवेत शोधत. "बघू तुझा हात," म्हणाला. दिसत काही नव्हतं त्याला, तरी बघू म्हणाला.

मी दिला. तो अजून थरथरत होता. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि थांबेपर्यंत सोडला नाही.