पाहुण्याशी खोटी कुस्ती

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी, अमरावतीत आमच्या तालमीमागच्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहू लागली. त्यांची पोरं संध्याकाळी तालमीच्या कुंपणाशी उभी राहायची. आत बोलावलं की नुसती हसायची. वस्तादांनी गूळ-फुटाणे वाटून पाहिले. पोरांनी फुटाणे खाल्ले आणि ती कुंपणाबाहेरच राहिली.

शेवटी माझ्याच वयाचा एक उंच पोरगा आत आला. याचं कसं होतं ते बघूनच बाकीची येणार किंवा कायमची जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. वस्तादांनी मला बाजूला घेतलं.

"घरदार सोडून आलेलं पोरगं हाय. त्याले जिंकू दे."

"काहून? मले हरता येत नाही."

"मंग शिकून घे."

आमचा भाजीचा मळा. आमच्या घरात खोटं बोलायचं ते वांग्यांबद्दल, कुस्तीबद्दल नाही. पण वस्तादांपुढे बोलणार कोण?

आखाड्यात त्याने एक लांब कापड माझ्यापुढे धरलं. आमच्याकडे असं कापड पुढे केलं की तो मान, जावयाला करतात तसा. मी ते डोक्याला लावलं, खांद्यावर टाकलं आणि वाकून नमस्कार केला. तो बिचारा बघतच राहिला. मग त्याने ते काढून घेतलं, पीळ दिला आणि माझ्या कमरेला बांधलं. दुसरं स्वतःच्या कमरेला. त्यांच्याकडची कुस्ती तशीच: एकमेकांच्या कमरेचं कापड धरायचं, पायाला हात लावायचा नाही, आणि पाडायचं.

त्याने कापड धरलं न धरलं तोच मी "अरे बापरे!" म्हणून आडवा झालो. इतकं भिकार सोंग गावच्या तमाशातही कोणी खपवून घेतलं नसतं. त्याचं तोंड लालबुंद झालं.

"भीख माँगने नहीं आया मैं," म्हणाला, आणि कापड सोडून चालू लागला. कुंपणावरची पोरंही वळली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि माझा स्वभाव असा की लाज वाटली की आधी राग येतो. मी धावत जाऊन त्याचा दंडच धरला. "ए भाऊ, रुक! अब खरी कुस्ती!"

"अबे, काय करून राहिला?" वस्ताद ओरडले.

"कुस्ती!"

या खेपेला मी होती नव्हती ती सगळी ताकद लावली. त्याने मला रीतसर पाडलं. तोंडात माती गेली. उठलो, म्हटलं, आता आमच्या रीतीनं, आणि त्याला चीत केला. तो पडल्या पडल्या हसायला लागला, मग मीही. उठून पाहतो तर कुंपणावर कोणीच नाही. सगळी पोरं आत येऊन कमरेची कापडं पिळत होती.

त्यातल्या सगळ्यात चिमुकल्याने आपलं कापड थेट वस्तादांपुढे धरलं.

"वस्ताद," मी विचारलं, "जिंकू देता काय त्याले?"

वस्तादांनी धोतर वर खोचलं.

"देलं तं उद्या येईन काय तो?"