भाऊच्या नावाची मूठ

माझी श्रद्धा तशी कच्चीच. लोक आपले अनुभव सांगताना आधी भक्ती सांगतात आणि मग प्रसंग. माझ्याकडे सांगण्यासारखी भक्ती नव्हती, देवाशी अबोला तेवढा होता. थोरला भाऊ तापाने गेला तेव्हापासून मी हात जोडणे सोडले होते.

भाऊ शेतकरी, पण वाचनाचा नादी. शहाद्याच्या बाजाराला बियाणे आणायला जायचा आणि पिशवीतून गोष्टींची पुस्तकेही काढायचा. ओसरीवर बसून तो मोठ्याने वाचायचा. आई भाजी निवडत ऐकायची, वहिनी दाराआडून, आणि मी त्याच्या गुडघ्याला टेकून. पुढे मी पुण्याला जाऊन स्वतःला लेखक म्हणवून घेऊ लागलो, ते त्या वाचनाच्या जिवावर. कुठलेही वाक्य मला आधी भाऊच्या आवाजात ऐकू यायचे आणि मगच कागदावर उतरायचे. तो गेला आणि तो आवाजही गेला. मी एका छापखान्यात दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुका काढत पोट भरू लागलो. स्वतःचे काही सुचेना. प्रवास मात्र खूप करायचो, कारण रेल्वेत बसले की आपण काही लिहीत नाही याबद्दल कुणी विचारत नाही.

आमच्या खानदेशात श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळालाच देवीचे रूप देऊन, नथ-दागिने घालून तिला पाटावर मांडतात. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातली कर्ती बाई एकेका पुरुषाचे नाव घेत मूठ मूठ गहू सुपात टाकते. ते गहू घरीच दळायचे आणि त्या पिठाच्या पुरणपोळ्या फक्त घरच्या भाऊबंदांनी खायच्या. परक्याला घासही द्यायचा नाही. ज्याच्या नावाची मूठ पडली, त्याने असेल तिथून घरी यायचे. भाऊ गेला त्या वर्षी सुतकामुळे कानबाई बसलीच नाही. पुढच्या वर्षी, मी उन्हाळ्यात घरी गेलो असताना, आई म्हणाली, "यंदा तू उना नही, तं कानबाईले कायमनी बोळवी टाकसू." आईचे बोलणे कमी असते, पण जे बोलते ते करते. आजेसासूपासून चालत आलेली कानबाई माझ्या एकट्याच्या येण्यावर टांगलेली राहिली.

त्या रविवारी मी नंदुरबारला उतरलो आणि बैलगाडीने तापीकाठी आलो. आमचे गाव पलीकडे, प्रकाशा गावापासून कोसभर. समोर केदारेश्वराचा कळस दिसत होता आणि मध्ये गढूळ पाण्याचा नुसता लोंढा. नाव बांधून ठेवलेली. नावाड्याचा जोडीदार तापाने घरी पडलेला. "एकला माणूसनं काम नही हाई. पानी उतरू द्या," तो म्हणाला आणि चिलीम भरायला लागला. मी विनवले, चिडलो, जास्त पैसे देऊ केले. तो हलेना. शेवटी मी वाळूत बसलो. माझ्याविना देवी पाटावर बसेल आणि उद्या आई तिला अशी नदीवर घालवेल की घरात पुन्हा तिचे नाव निघणार नाही. भाऊ गेल्यावर आईजवळ उरलेले तेवढे एकच होते. मला रडू आले, आणि मी ते लपवले नाही.

शेजारी एक माणूस बोचके घेऊन बसला होता. सातपुड्यातला पावरा आदिवासी, कामासाठी गुजरातेत निघालेला, कालच नदी ओलांडून या काठाला आलेला. त्याने मोडक्या अहिराणीत काय झाले ते विचारले. मी सगळे सांगितले. "मन्ही माय गई," तो म्हणाला. "तुन्ही शे ना? मंग चाल." आणि उठून नावाड्याला म्हणाला, "दुसरं वल्हं मी धरस."

नावाड्याने त्याचे दंड पाहिले, नदी पाहिली, आणि चिलीम विझवली.

मला पोहता येत नाही. मधल्या धारेत मुळासकट उपटलेले एक झाड आमच्यावर चालून आले. नाव आडवी झाली, पाणी आत आले, दोघे ओरडून एकमेकांना काही सांगत होते आणि मला करण्यासारखे काहीच नव्हते. तेव्हा माझे हात आपोआप जुळले. काही मागितले नाही. 'आता तू बघ,' एवढेच मनात म्हणालो. पावऱ्याने वल्ह्याने रेटा दिला आणि झाड हातभर अंतरावरून निघून गेले.

दिवेलागणीला घरी पोचलो. नाव आता सकाळीच परतणार होती, म्हणून त्यालाही बरोबर आणले. खेत्या त्याचे नाव. त्याला ओसरीवर भाकरी देऊ, असे माझ्या मनात; रोट त्याला कसा चालेल? पण घरात पाऊल टाकले तर सगळे सुतकात असल्यासारखे बसलेले. मला पाहताच आईने मला छातीशी धरले आणि वहिनी हुंदके देऊ लागली.

मग कळले. सकाळी मुठी टाकताना इतक्या वर्षांच्या सवयीने आईने पहिली मूठ भाऊच्या नावाने टाकली होती. सुपात पडलेली मूठ परत काढत नाहीत. पोळ्या झाल्या, पण एक खाणारा कमी. त्यात तापीला पूर आल्याची बातमी आली. नसलेल्याच्या नावाची मूठ पडली, आता धाकट्याच्या मुठीचेही कुणी खाणार नाही, असे काका बोलून गेले होते.

आईने डोळे पुसले. "कोणा संगे उना?" तिने विचारले. मी ओसरीकडे बोट दाखवले आणि नदीवर घडले ते सांगितले. आई बाहेर गेली. खेत्या पायऱ्यांवर चिंब बसला होता. तिने त्याच्या पायांवर पाणी घातले, हाताला धरून आत आणले आणि कानबाईसमोर भाऊच्या पाटावर बसवले. काकांनी "अवं, घरना रोट शे तो!" म्हणून हात वर केला.

"मालूम शे," आई म्हणाली. "मूठ चुकनी नही. जेवनारा वाटमा व्हता."

वहिनीने स्वतः त्याला वाढले. त्याने पोळी मोडून पहिला घास घेतला.

सकाळी कानबाईला वाजतगाजत तापीवर नेले, पुढच्या श्रावणात ये म्हणून. खेत्या त्याच नावेने परतला. पुन्हा कधी भेटला नाही. देवीने त्याला पाठवले की तो मुळातच चांगला माणूस होता, हे मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवावेसेही वाटत नाही. आई मात्र पुढे दरवर्षी भाऊच्या नावानंतर त्याचेही नाव घेऊन मूठ टाकत राहिली.

पुण्याला परतताना गाडीतच मी लिहायला घेतले. भाऊचा आवाज आला नाही. तरीही पहिली ओळ मी त्याच्या नावाने लिहिली. ती कोण वाचणार याची चिंता तेव्हापासून मी सोडली आहे. वाचणारा वाटेत असेल.