निळं विमान कधी पडलं नाही

तिच्या घरातल्या काचेच्या कपाटात चिनीमातीची भांडी नव्हती, बाहुल्याही नव्हत्या. होत्या त्या व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेट. काळ्या, राखाडी, पिवळ्या. काहींवरची चित्रं उन्हाने उडालेली, काहींच्या पाठीवर कुण्या मुलाने खिळ्याने कोरलेलं नाव. पाहुणे आधी कपाटाकडे बघत, मग तिच्याकडे, आणि विचारत, “मुलांच्या का?”

“माझ्या,” ती म्हणे.

मग पाहुणे तिच्या नवऱ्याकडे बघत. तो दोन्ही हात वर करी. “मला विचारू नका. मी इथला भाडेकरू.”

ती कवळ्या करायची. दातांच्या दवाखान्यांतून जबड्याचे साचे यायचे. गुलाबी मेण लावून, दात रचून, घासून, चकाकी देऊन ती त्यांच्या कवळ्या करून परत पाठवायची. दिवसभर नाकाला फडकं आणि केसांत पांढरी धूळ. वरचा दात खालच्यावर नीट टेकला नाही तर माणूस आठवडाभर पेजेवर राहतो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून अर्धवट बसलेलं काहीच तिच्या हातून पुढे जात नसे. संध्याकाळी घरी आली की हात धुऊन ती कॅसेटी घेऊन बसे. आतल्या पितळी पट्ट्यांवरचा गंज कापसाच्या काडीला स्पिरिट लावून हळूहळू उतरवायचा. फुंकर मारायची नाही. लहानपणी सगळ्यांनी फुंकर मारूनच कॅसेटींची वाट लावलेली. थुंकी उडते, गंज चढतो.

“दिवसभर लोकांचे दात, संध्याकाळी लोकांचं बालपण,” नवरा म्हणायचा. “माझ्याकडे बघायला कधी वेळ मिळणार?”

“तू गंजलास की सांग.”

गंमत अशी की ती खेळायची मात्र फारशी नाही. कॅसेट चालते ना एवढं बघायची आणि कपाटात ठेवायची. एकटीने खेळण्यात तिला राम वाटत नसे. ती पहिल्यापासून दुसऱ्या नंबरची खेळाडू. पहिला शेजारी बसलेला असल्याशिवाय दुसऱ्याने खेळायचं तरी कशाला?

पहिला म्हणजे दादा. तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्या वेळच्या घरात एकच मोठी खोली होती आणि टीव्ही कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर. शाळेतून आलं की दादा कॅसेट घालायचा, दोघं फरशीवर मांडी घालून बसायची, आणि दादा तिच्या हातात खेळाचा, वायरवाला दुसरा रिमोट द्यायचा. पडद्यावर लांबच लांब नदी, वर दोन विमानं. लाल दादाचं, निळं तिचं. लाल विमान सारखं पडायचं; कधी पुलावर आपटायचं, कधी कुणाची गोळी लागायची. निळं कधी पडलं नाही. ते लालच्या शेपटीमागे शांतपणे उडायचं, गोळ्या चुकवायचं, मध्येच पुढे होऊन लालसाठी वाट मोकळी करायचं. तिचे अंगठे दुखेपर्यंत ती बटणं दाबायची. दादा म्हणायचा, “तू भारी चालवतेस गं.”

दादाने तिचं एवढं कौतुक त्याआधी केलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

मोठेपणी हे कुणाला सांगण्यासारखं नसतं. पण जिथे ती काम शिकली तो कारखाना एका सकाळी कुलूप लावून बंद झाला तेव्हा, बाळंतपणात डॉक्टरांचे चेहरे उतरले तेव्हा, आणि नव्या जागी मालक सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला तेव्हाही ती डोळे मिटून तेच बघायची. खाली नदी, चहूकडून गोळ्या आणि मधून सरळ जाणारं निळं विमान. तिला वाटे, आपल्या हाताला ते येतं. आपण पडत नाही.

कॅसेट जमवायला लागली तीही त्या एका खेळासाठीच. बाकीच्या वाटेत भेटल्या म्हणून घरी आल्या. तो खेळ सापडला तेव्हा भंगारवाल्यासमोर तिचे डोळे भरून आले होते. घरी येऊन लावला. नदी आली, पूल आले, दोन्ही विमानं आली. तिने दुसरा रिमोट हातात घेतला आणि बटण दाबलं. निळं विमान आपलं आपणच उडत राहिलं. तिने डावीकडे वळवलं, ते उजवीकडे गेलं.

पट्ट्या घासल्या. रिमोट उघडून साफ केला. तरी तेच. कॅसेट बिघडलेली असणार. तिने तीच कॅसेट दुसरीकडून मिळवली. तीही बिघडलेली. मग तिसरी, मग चौथी. चारही कॅसेटींवर तिने चिकटपट्टी लावली आणि बारीक अक्षरात लिहिलं: दुसरा रिमोट चालत नाही.

जुने खेळ जमवणारे लोक महिन्यातून एका रविवारी सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भेटत. तिथे एक चित्रकलेचे मास्तर यायचे. त्यांनी ती चिकटपट्टी वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“बाई, ही बिघडलेली नाही. हा एकट्याचाच खेळ आहे. निळं विमान यंत्रच चालवतं. सोबतीला दिलेलं असतं.”

“काहीतरी काय? मी स्वतः चालवलंय.”

“दुसरा कुठला खेळ असेल.”

“मास्तर, नदी हीच, पूल हेच, शेवटचा बोगदाही हाच. तुम्ही लहानपणी फळांचे तुकडे खाणारा किडा खेळला असाल, म्हणून सगळ्यांनी तेच खेळलं असं नाही. ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये माणसाने. चित्रं शिकवा.”

हॉलमधले सगळे वळून बघायला लागले.  मास्तर चष्मा डोळ्यांवर घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले. तेव्हापासून त्यांच्यात बोलणं बंद. मास्तर समोर आले की ती जिन्यात बाजूला होई, जसं काही त्यांच्या अंगाला रंग लागलेला आहे.

शेवटी तिने ठरवलं, बिघाड कॅसेटीत नाही, कॅसेट ज्यात घालतात त्या डब्यात आहे. रिमोट जिथे जोडतात ते दुसरं सॉकेट जुनं झालंय. महिनाभर शोधून तिने नवं सॉकेट मिळवलं आणि स्वतः बसवलं. आणि त्या रविवारी दादाला जेवायला बोलावलं. खेळ सुरू करायला आधी एखादं बटण दाबावं लागत असेल तर ते दादालाच माहीत.

दादा आईला घेऊन आला. आई त्याच्याकडे राहायची. जेवणं झाली. दादा कोचावर पाय वर घेऊन बसला आणि कपाटाकडे बघून म्हणाला, “अजून आहे का हे दुकान? आमच्या टाइल्सच्या शोरूममध्ये मांड, गिऱ्हाइकं तरी थांबतील.”

“ऊठ आणि इथे बस,” ती म्हणाली. तिने फरशीवर दोन उशा टाकल्या होत्या. टीव्हीवर नदी आली होती. “हे बघ. सॉकेट नवं, रिमोट साफ केलेला, तरी निळं माझं ऐकत नाही. आपल्या वेळी तू आधी काय करायचास?”

दादा पडद्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. त्याच्या ओठाचा कोपरा हलायला लागला.

“तू चेष्टा करतेयस ना?”

“कसली चेष्टा?”

“अगं, ते निळं आपोआपच चालतं. तुझ्या रिमोटची पिन मी लावतच नव्हतो. टीव्हीच्या मागे सरकवून ठेवायचो.” एवढं बोलून तो हसायला लागला. हसता हसता मांडीवर थापा मारायला लागला. “आणि तू काय वाकायचीस उजवीकडे, डावीकडे! आई, आठवतं का तुला?”

“न आठवायला काय झालं?” आई म्हणाली. “मीच म्हटलं होतं याला, असू दे, शांत बसते ना.” आणि तीही हसली. तिच्या तोंडातले दात लेकीनेच बसवलेले होते. वरचे खालच्यांवर अगदी नीट टेकलेले. त्या दातांनी आई हसत होती.

नवऱ्याने तिचा चेहरा पाहिला. “पाणी आणतो,” म्हणून तो आत गेला तो बराच वेळ आलाच नाही.

तिला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. चार कॅसेट. चार चिकटपट्ट्या. मास्तरांचं कपाळावर सरकवलेल्या चष्म्याखालचं तोंड. आणि त्याही मागे ती फरशी, ते दुखणारे अंगठे.

“म्हणजे मी खेळलेच नाही,” ती म्हणाली.

“आता तसं म्हटलं तर... अगं, सगळ्या घरांत हेच चालायचं. धाकट्याला नुसताच रिमोट द्यायचा.”

“मग सगळ्या घरांत वाईट चालायचं.”

“तू रडायचीस ना पण. सापशिडीत हरलीस तरी भोकाड. इथे रडली असतीस तर आईने टीव्हीच बंद केला असता. ना तुला, ना मला. मी डोकं चालवलं. तू खूश, मी खूश, आई खूश. कुणाचं काय गेलं?”

“माझं गेलं.”

“काय गेलं?”

तिला नीट सांगता येईना, आणि त्याचाच जास्त राग आला. ज्याची चोरी झाली त्यानेच चोराला काय गेलं ते सांगायचं, हा कुठला न्याय? “मी पडले असते,” ती शेवटी म्हणाली. “रडले असते. टीव्ही बंद झाला असता. दुसऱ्या दिवशी थोडी कमी पडले असते. ते सगळं माझं होतं. तू मला एकदासुद्धा हरू दिलं नाहीस, आणि वर म्हणायचास, तू भारी चालवतेस.”

“कौतुक केलं तेही चुकलं का?”

“यंत्राचं केलंस. माझं नाही.”

“बरं बाबा, सॉरी. हात जोडतो. झालं?” दादाने खरंच हात जोडले, तेही हसतच. “आई, समजाव हिला. एवढी मोठी झाली तरी पाटी कोरीच.”

“जाऊ दे गं,” आई म्हणाली. “भाऊच आहे.”

या वाक्याने आजवर किती गोष्टी जाऊ दिल्या होत्या, ते तिने आठवायचं टाळलं. एक काम मात्र आत्ताच करायला हवं होतं. तिने फोन उचलला आणि त्या दोघांसमोरच मास्तरांना लावला.

“मास्तर, मी बोलतेय. कॅसेटवाली. तुमचं बरोबर होतं. तो एकट्याचाच खेळ आहे. मी तुम्हाला चारचौघांत बोलले ते चुकलं माझं.”

 मास्तर म्हणाले, “असू द्या, बाई. मला तेव्हाच अंदाज आला होता.”

“कसला?”

“पिनेचा.” मास्तर खाकरले. “मला धाकटा भाऊ आहे. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.”

“तुम्हीसुद्धा?”

“वय लहान होतं हो.”

“आता नाहीये ना? आजच सांगा त्याला,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला वाटलं, जगात पिन न लावणाऱ्यांचीच भरती आहे. आणि त्यांच्यातला प्रत्येक जण आपण धाकट्यांवर उपकारच केले असं समजून मजेत म्हातारा होतोय.

दादा उठायच्या बेतात होता. “चल, निघतो आम्ही. आईचं औषध आहे.”

“बस,” ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. पण आतून पाणी घेऊन आलेला नवरा दारातच थांबला, आणि दादा खरोखर बसला, कोचावर नाही, खाली उशीवर.

तिने नदीची कॅसेट काढली. कपाटातून दुसरी आणली. गोदामातल्या दोन उंदरांचा खेळ. एकेका फळीवरून उड्या मारत वरच्या खिडकीपर्यंत जायचं. हा नक्की दोघांचा होता. तिने दोन्ही पिना दादाला दाखवून लावल्या, तो बघतोय याची खात्री करून.

खेळ सुरू झाला. दादाचा उंदीर पहिल्या फळीवर गेला, दुसऱ्या फळीवर गेला. इतक्या वर्षांनीही त्याचे अंगठे तयारीचे होते. तिच्या उंदराने उडी मारली आणि तो सरळ खालच्या पाण्याच्या पिंपात पडला.

 तिने बटण दाबलं होतं आणि पडद्यावरचं काहीतरी तिच्यामुळे हललं होतं. हललं होतं म्हणूनच पडलं होतं. तिने दुसरी उडी मारली. पुन्हा पिंप. तिसरी थोडी लवकर मारली, तर फळीच्या कडेला नखं लागून उंदीर लटकला आणि मग पडला. दादा वर खिडकीपाशी पोहोचून थांबला होता. खाली तो बिचारा उंदीर ओला होऊन पुन्हा पुन्हा बाहेर येत होता.

“उशिरा दाबतेयस,” दादा म्हणाला.

“गप्प बस.”

“तू तुझ्या गतीने कर, मी आहे इथे.”

“गप्प बसायला सांगितलं ना.”

तिचे डोळे चुरचुरत होते. हे रडू नव्हतं असं नाही. लहानपणी जे फरशीवर बसून सांडायचं राहून गेलं होतं, ते आता पंचेचाळिशीत आईसमोर आणि नवऱ्यासमोर येऊ बघत होतं. तिने ते अडवलं नाही आणि पुसलंही नाही. पुसायचं तर एक अंगठा सोडावा लागला असता.

उंदीर पहिल्या फळीवर चढला. दुसरीवर गेला. मध्येच वरून गोणी पडली, आणि उंदीर गोणीसकट खाली.

दादाच्याने ते बघवेना. तो तिच्याकडे सरकला. त्याच्या आवाजात आता हसू नव्हतं, खरी कळकळ होती; तो आयुष्यभर असाच कळकळीने वागत आला होता. “दे इकडे,” तो म्हणाला. “एवढी गोणी मी चुकवून देतो, मग पुढचं तू घे.” आणि त्याचा हात तिच्या रिमोटवर आला.

“हात काढ.”

“अगं, मदत करतोय.”

“दादा, हात काढ.”

त्याने हात काढला. आई म्हणाली, “अगं, किती वेळा पडशील अशी?”

“मोजू नकोस,” ती म्हणाली. पिंपातून उंदीर वर आला, आणि पडद्यावरची नजर न हलवता तिने बटण दाबलं.